बंद पडल्याची वही

बर्डीवर, तळघरातल्या माझ्या टेबलावर
तो नऊ दिवस सलग चालला.
मी त्याला तापवला, दमवला,
रात्रभर उगाच आकडे मोजायला लावले,
सकाळी शटर वर केलं की पंखा तसाच घुमत असायचा,
पाहुण्यांसमोर शहाण्या झालेल्या पोरासारखा.

तांडापेठेत नेऊन दिला की तिसऱ्या दिवशी फोन :
"पडला न जी भाऊ पुन्हा.
निळा झाला अन् गेला."

हेडाऊबाई लग्नपत्रिका जुळवतात.
तीनदा एकाच ओळीवर गेला :
चि. सौ. कां. लिहून झालं
आणि नवरीचं नाव यायच्या आत अंधार.
"पोरीच्या नावालेच काहून अडते हा?"
मी म्हटलं, योगायोग.
आमच्या धंद्यात हा शब्द
कारण सापडेपर्यंतच चालतो.

रॅमच्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या, मग बदलल्याच.
प्रोसेसरवरची वाळकी पेस्ट खरवडून
नवी लावली, वाटाण्याएवढी.
विंडोज पुसून परत टाकलं.
मे महिना, सेहेचाळीस डिग्री,
कूलरची ओली हवा थेट डब्यावर येत होती,
कूलर फिरवला.
त्या दिवसापासून बाई घामात बसून काम करत होत्या,
हे मला फार उशिरा कळलं.

एक अख्खी दुपार मी तिथे बसून काढली.
तो पडला नाही.
दोनदा चहा झाला.
"तुम्ही बसले की नाही पडत," त्या म्हणाल्या,
जरा ओशाळून, जणू खोटं त्यांचंच पकडलं गेलं.

मग शंभरपानी वही दिली.
म्हटलं, बंद पडला की वेळ लिहा,
आणि तेव्हा घरात जे चालू असेल ते सगळं.
"सगळं म्हणजे?"
सगळं.
माझ्या मनात मिक्सर, प्रेस, टुल्लू पंप होते.

दु. २.१०. बंद. कूलर चालू. नळ जाऊन तास झाला.
सं. ६.४०. बंद. निनाव्यांकडे टुल्लू. त्यांचा पोपट ओरडून राहिला होता.
स. ११.०५. बंद. फोन वाजला. उचलला तर कोणी बोललं नाही.
दु. ३. बंद. अंबाडी निवडून राहिली होती. यांचा फोटो पुसायचा राहिला.
रात्री १२.३०. बंद. झोप नव्हती म्हणून लावला होता. काम नव्हतं.

मी पेन्सिलीनं खुणा करत गेलो.
कूलर, चारदा. टुल्लू, दोनदा.
फोन, एकदाच.
काम नव्हतं,
याला कोणती खूण करायची ते कळेना.

एका वेळी एकच बदल, असं मी दुकानातल्या पोरांना शिकवतो.
त्या दिवशी मी सात केले.
एसएमपीएस, प्लग, बोर्ड, भिंतीतली जुनी वायर,
अर्थिंगच्या सुकलेल्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी,
बाकीचे दोन आठवतही नाहीत.
चालला.
आता कशानं चालला, विचारू नका.
बिलावर कारणाची एक रेघ असते,
तिथे मी लिहिलं : जनरल सर्व्हिस.
निघताना पडद्यावर अख्खी ओळ होती,
चि. सौ. कां. श्रुतिका,
आणि खाली नवरदेवाची पदवी, चुकलेली.

महिन्यानं हेडाऊबाई स्वतः बर्डीवर आल्या,
तळघराच्या पायऱ्या कठड्याला धरून उतरल्या.
माझ्या पोटात गोळा.
"नाही जी, नाही पडला," आणि वही पुढे केली.

स. ९. चालू.
दु. २. चालू. निनाव्यांची सून माहेराहून आली.
सं. ५.२०. चालू. आभाळ आलं, तसंच गेलं.
रात्री ११. चालू. मीच बंद केला.

"पानं संपली," त्या म्हणाल्या.
मी गल्ल्याखालून दुसरी वही काढली,
तीही शंभरपानीच.
काहीतरी बोलायला हवं होतं.
म्हटलं, वेळ मात्र नीट लिहीत जा.